नातं : वहिनी

तिला उभ्या जन्मात कोणी आई म्हटलं नव्हतं.

पोर होतं. नऊ महिने पोटात वागवलेलं, तेवीस वर्षं वाढवलेलं. पण त्या पोराच्या तोंडून हा शब्द कधी निघाला नाही. लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हा घरात चार दीर आणि दोन नणंदा होत्या, सगळी तिच्याहून लहान. वहिनी भूक लागली, वहिनी माझा सदरा कुठाय, वहिनी हा मला चिमटे काढतो. पोर बोलायला शिकलं ते हेच ऐकत. पहिल्यांदा 'वयनी' म्हणालं तेव्हा सगळं घर खिदळलं, तीही हसली. पुढे दोन-चारदा तिने त्याला समोर बसवून शिकवून पाहिलं, आई म्हण, तर कार्टं म्हणालं, "आई म्हण वहिनी." तिने नाद सोडला. दीर-नणंदा आपापल्या वाटेने पांगली. नवरा त्यांच्याही आधी पांगला, पोर नऊ वर्षांचं असताना, दुसऱ्या बाईकडे. घरात दोघंच उरली, आणि तो शब्द उरला. दोन माणसांच्या घरात कोणाला कोण म्हणायचं याचा घोळ कशाला होईल?

घोळ झाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात, लेकाला जाऊन सव्वा महिना झाल्यावर.

विमा कंपनीच्या दाव्यांच्या टेबलावर एक चष्मेवाला बसायचा. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्याने फॉर्म तिच्याकडे फिरवला आणि पेनच्या टोपणाने दाखवत गेला. पैसे कोणाला द्यायचे, तर तिचं नाव. बरोबर. वय बरोबर. पत्ता बरोबर. नातं : वहिनी.

"मयताला भाऊ होता का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग वहिनी कुठून आली?"

तिने सांगितलं. दीर, नणंदा, सदरा, चिमटे, सगळं सांगितलं. शेजारच्या खुर्चीतला माणूस आपलं काम सोडून ऐकत होता. चष्मेवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि टेबलाच्या खणातून एक पुस्तिका काढली. कारखान्याच्या कामगारांचा सामूहिक विमा. पान चारवर कुटुंब म्हणजे काय ते छापलं होतं. नवरा किंवा बायको, मुलं, आई, वडील. कव्हर यांच्यापुरतं. वहिनी त्यात बसत नव्हती.

"म्हणजे मी त्याची आई नाही?"

"तसं कोण म्हणतंय? जन्माचा दाखला लावलाय तुम्ही, मी बघितला. तुम्ही आईच आहात. पण फॉर्मवर वहिनी आहात. आणि मावशी, कव्हर फॉर्मवर चालतं."

कव्हर हा शब्द तिच्या चांगल्या ओळखीचा होता. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती एकोणीस वर्षं उशांची कव्हरं धूत होती. वॉर्डावॉर्डांतून गाठोडी यायची, रक्ताची, ओकारीची, नुसत्या घामाची. जंतुनाशकाच्या हौदात बुडवायची, उपसायची, यंत्रात घालायची, गरम रोलरखालून काढायची. बोटांची टोकं कधीच सोलून गुळगुळीत झाली होती. मतदानाला गेली की तिच्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून तिथली पोरं हसायची. लेकाने ही पुस्तिका पहिल्यांदा घरी आणली तेव्हा ती म्हणाली होती, उशीचं कव्हर ठाऊक आहे, हे कसलं? तो म्हणाला, हे माणसाचं. तुझं धुणं सुटलं म्हण वहिनी. एक तर मी सोडवीन, नाहीतर हे. तिने तीच पुस्तिका त्याला फेकून मारली होती, असलं अभद्र बोलतो म्हणून.

त्याला आणलं तेही त्याच इस्पितळात. ती तळघरात रोलरवर होती, तिला वर बोलवायला कोणीतरी यायच्या आतच संपलं होतं. दुसऱ्या दिवशी अपघात विभागातून जी गाठोडी खाली आली, त्यातली त्याची चादर कोणती हे तिने विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

"फॉर्म दुरुस्त करून घ्या मग," ती चष्मेवाल्याला म्हणाली.

"दुरुस्ती भरणाऱ्यालाच करता येते."

"तो मेलाय, म्हणून तर मी इथे आलेय."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. मग पान सहा उघडलं. फॉर्ममधलं नातं बाद ठरलं तर अविवाहित कामगाराचे पैसे वडिलांना जातात. वडील हयात नसतील तर आईला. फॉर्मच्या सगळ्यात वरच्या ओळीत वडिलांच्या नावाचा रकाना होता, छापलेलाच, भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही असला. आईच्या नावाला अख्ख्या फॉर्मवर बोटभर जागा नव्हती. जो माणूस चौदा वर्षांपूर्वी चपला घालून निघून गेला, तो मात्र कागदावर बूड टेकून बसला होता, लेकाच्या डोक्यावर.

"त्यांना नोटीस जाईल," चष्मेवाला म्हणाला. "नियम आहे मावशी."

"मावशी म्हणता ना मला? मग भाचा म्हणून तुम्हालाही लागू होत असेल हे कव्हर."

शेजारच्या खुर्चीतला हसला. चष्मेवाला हसला नाही. त्याने फॉर्म पुन्हा पाहिला आणि आवाज खाली आणून विचारलं, हे अक्षर तुमच्या मुलाचं आहे का? तिने वाकून पाहिलं. सही त्याची होती, घाईची, शेपूट तुटलेली. बाकीचं अक्षर दुसऱ्याचं, गोल, टपोरं, आयुष्यभर रकाने भरणाऱ्याचं. मग ज्याचं अक्षर आहे त्याने लिहून द्यावं, चष्मेवाला म्हणाला, की हा शब्द माझ्या चुकीने पडला. खाली कारखान्याचा शिक्का. ते आलं तर मी कागद पुढे सरकवतो. एकवीस दिवस आहेत.

अक्षर कोणाचं ते जाड्याने सांगितलं. जाड्या म्हणजे लेकाच्या जोडीचा कामगार, हाडाचा सापळा, नाव पडलं होतं जाड्या. काचेच्या बाटल्यांचा कारखाना. भट्टीतून लाल काचेचा गोळा साच्यात पडतो, साचा मिटतो, उघडतो, बाटली बाहेर. असे एका रांगेत सोळा साचे, रात्रंदिवस. साच्याला काच चिकटू नये म्हणून दर वीस मिनिटांनी आतून तेलाचा ब्रश फिरवावा लागतो, आणि तो यंत्र चालू ठेवूनच फिरवायचा, कारण यंत्र थांबलं की काच थिजते आणि साहेबांचं डोकं तापतं. पूर्वी साच्यांपुढे लोखंडी जाळी असायची. जाळी उघडायची, ब्रश मारायचा, जाळी लावायची, यात वेळ जातो म्हणून वरून तोंडी हुकूम आला आणि जाळ्या निघून भिंतीला टेकल्या. दीड वर्ष तिथेच धूळ खात होत्या. लेकाचा हात ब्रशासकट साच्याच्या दांड्याने ओढला, आणि हातामागून डोकं.

फॉर्मही तिथेच भरले गेले होते. हजेरीवाला गठ्ठा घेऊन भट्टीपाशी आला, दोनशे माणसांचे फॉर्म एका पाळीत उरकायचे होते. दोन ब्रशांच्या मधल्या वेळात एकेकाला गाठायचं आणि त्या आवाजात कानात ओरडायचं. कोणाचं नाव टाकू? वहिनीचं. नाव काय तिचं? वय? पत्ता? नातं त्याने विचारलंच नाही. ऐकलं होतं की, वहिनी. लेकाने हातमोजा दातांनी ओढून काढला, सही केली आणि ब्रश उचलला.

"मी तिथेच होतो वहिनी," जाड्या म्हणाला. "माझ्या फॉर्मवर नातं काय लिहिलंय माहितीये? 'आमची ही'. मी बायकोचं नाव सांगताना तसं म्हणालो होतो."

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला.

ती हजेरीवाल्याच्या घरी गेली. बावीस वर्षं नोकरी झालेला, दोन वर्षं उरलेला, बारीक मानेचा माणूस. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कानावर हात ठेवले. अक्षर आपलं आहे हे त्याने नाकारलं नाही, पण लिहून कसं देणार? फॉर्म कामगाराने स्वतः भरावा असा नियम. एकाचा मी भरला म्हटलं की दोनशेंचे मीच भरले हे उघडं पडणार. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, एक शब्द विचारायला तुमची जीभ झिजली असती का? 

बाराव्या दिवशी नवरा उगवला. धुलाईखान्याच्या मागच्या दारापाशी, गाड्या लागतात तिथे. केस काळे केलेले, हातात प्लॅस्टिकची नवी फाइल. नोटिशीने त्याला पत्त्यावर बरोबर शोधलं होतं. चौदा वर्षांत पोराच्या तापाला, पोराच्या फीला तो पत्ता कधी सापडला नव्हता.

"अगं, मला पण दुःख झालंय," तो म्हणाला.

ती गाठोडं उतरवत राहिली.

तो समजुतीच्या सुरात बोलत होता. आपण भांडायचं नाही. नियमाने सगळं माझंच येतं, पण मी काय राक्षस आहे का, चार आणे तुला देतो. तू फक्त तिथे जाऊन काही उचापत करू नकोस. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे तिने ऐकलं होतं, पण ती खाताना वर वाटणीही करतात हे तिला नवीन होतं. तिने त्याला एवढंच विचारलं, तो कोणत्या हाताने लिहायचा? नवऱ्याने फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. उजव्या, तो म्हणाला. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. लेक डावरा होता.

अठराव्या दिवशी कारखान्याच्या व्यवस्थापकाने बोलावणं धाडलं. जाड्या तिला फाटकापर्यंत सोडायला आला. वाटेत तो म्हणाला, काय म्हणतील त्यावर सही करा वहिनी, तुम्ही तुमचं बघा. तोंड दुसरीकडे करून म्हणाला. दुपारच्या पाळीला त्याच रांगेवर त्यालाच उभं राहायचं होतं.

व्यवस्थापकाच्या खोलीत गार हवा होती आणि भट्टीचा आवाज काचेपलीकडे, लांबच्या खोकल्यासारखा. हजेरीवाला कोपऱ्यात उभा होता, शिक्क्याची पेटी पोटाशी धरून. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडले होते.

पहिला हजेरीवाल्याचा. नात्याच्या रकान्यात वहिनी हा शब्द माझ्या ऐकण्याच्या चुकीने पडला असून सदर बाई मयताची आई आहे. गोल टपोरं अक्षर. सही झालेली, शिक्का व्हायचा होता.

दुसरा टाइप केलेला. अपघाताची सरकारी चौकशी चालू होती, त्यासाठी. मयत कामगाराने सूचना असूनही जाळी स्वतःहून काढली, चालू यंत्रात निष्काळजीपणे हात घातला, कुटुंबाची कारखान्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. खाली कुटुंबातील व्यक्तीची सही.

तिने दुसरा कागद बोट ठेवून ठेवून वाचला. वाचता येत होतं तिला, वेळ लागायचा एवढंच. व्यवस्थापक घड्याळाकडे बघत होता.

"जाळी त्याने काढली?"

"तसं लिहायची पद्धत असते. त्याला काय फरक पडणार आहे आता? तुम्हाला पडतो." त्याने पहिला कागद बोटाने जरा तिच्याकडे सरकवला. "आम्ही तुमच्यासाठी एवढी चूक अंगावर घेतोय ना. हे झालं की ते."

तिने हजेरीवाल्याकडे पाहिलं. त्याने मान वळवली.

सौदा सरळ होता. पोराला मूर्ख म्हण आणि त्याची आई हो. नाही म्हणालीस तर तिकडे काळ्या केसांचा माणूस फाइल घेऊन बसलाच आहे, आणि तू मर हौदापाशी. लेकाने कधी भाकरीचा तुकडा वाया घालवला नव्हता. रस्ता ओलांडताना अजून तिचं मनगट धरायचा, तेवीस वर्षांचा बाप्या. तो निष्काळजी. आणि हा कागद एकदा चौकशीत गेला की जाळ्या भिंतीलाच राहणार आणि जाड्याचा हात साच्यात. तिने ठरवलं, सही करायची नाही. वाटेत जाड्याचं ऐकून तिने उलटंही ठरवलं होतं. पेन हातात होतं आणि ती नुसती सहीच्या जागेकडे बघत होती.

तिथे तीन रकाने होते. सही. नाव. मयताशी नातं.

व्यवस्थापकाचा फोन वाजला. तो उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा बोलू लागला, कोणाशी तरी गाड्यांबद्दल.

तिने सही केली. नाव लिहिलं. तिसऱ्या रकान्यात तिचा हात थांबला, पण फार वेळ नाही. तिथे तिने लिहिलं, वहिनी.

हजेरीवाला शिक्का मारायला पुढे आला. बावीस वर्षं ज्याने रकाने तपासले त्याची नजर दुसरीकडे जाणार कुठे? ती तिसऱ्या रकान्यावर गेली आणि तिथेच राहिली. शिक्का हातात, हात हवेत. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर काढली नाही. खिडकीशी व्यवस्थापक म्हणत होता, हो हो, आजच पाठवतो.

हजेरीवाल्याने शिक्का मारला. कागदाची घडी घातली, लिहिलेली बाजू आत, पाकिटात सारली, पाकीट थुंकी लावून बंद केलं. मग पहिल्या कागदावर शिक्का उमटवला आणि तो तिच्या हातात दिला.

"या वहिनी," तो हळूच म्हणाला.

पुढचं तिला जाड्याकडून कळलं, तुकड्यातुकड्यांत. चौकशीच्या साहेबाने पाकीट फोडलं आणि कारखान्याच्या वकिलाला विचारलं, मयताला भाऊ होता का? नव्हता. मग ही वहिनी कोण? वकील म्हणाला, आईच आहे हो ती. साहेब म्हणाला, कागदावर नाही. वहिनी कुटुंबात धरता येत नाही, हे तुमच्याच विम्याच्या पुस्तिकेत आहे, आणि तक्रार नाही असं म्हणायचा तिला अधिकार नाही. कागद परत. चौकशी चालू. साहेब स्वतः येऊन जाळ्या मोजून गेला, आणि तो यायच्या आदल्या दिवशी त्या पुसूनबिसून साच्यांपुढे लागल्या. जाड्या म्हणाला, आता ब्रश मारायला दुप्पट वेळ लागतो आणि मुकादम शिव्या घालतो. दिवसभर शिव्या खातोय वहिनी, दोन्ही हातांनी.

हजेरीवाल्याला काढलं. फॉर्म स्वतः भरल्याची कबुली लेखी होतीच, कारण शोधावं लागलं नाही. दोन वर्षं उरली होती. ती त्याच्या घरी गेली तेव्हा दार त्याच्या बायकोने उघडलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आतून हजेरीवाल्याचा आवाज आला, कोण आहे? कोणी नाही, बायको म्हणाली. मग तिने हळूच दार लावलं. यावर वहिनीला राग येईना. यायला हवा होता, तो येईना.

नवरा तिसऱ्या मजल्यावर जाऊन बोंबलून आला म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा. चष्मेवाल्याने त्याला तिने मुदतीत आणून दिलेला शिक्क्याचा कागद दाखवला, आणि पान चारवरचं 'आई'.

तिला बोलावणं आलं ते तिच्या सुट्टीच्या दिवशी. चष्मेवाल्याने पावती पुढे केली. या वेळी टेबलावर दुसरं काही नव्हतं. सही, नाव, नातं. तिने दोन रकाने भरले. तिसऱ्यापाशी आली आणि अडली. हा शब्द तिने कधी लिहिला नव्हता. स्वतःच्या आईला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, ती आधीच गेली. अक्षरं दोनच, पण सोललेल्या बोटांत पेन फिरेना. चष्मेवाल्याला वाटलं तिला समजलं नाही. तो पुढे झुकला, रकान्यावर टोपण ठेवलं आणि मऊ आवाजात, जसं आपण कोणाही म्हाताऱ्या बाईशी बोलतो तसं म्हणाला,

"लिहा, आई. इथे. आई लिहा."

खोलीत टाइप करण्याचा आवाज चालू होता. तिने लिहिलं. दोन्ही अक्षरं रकान्याच्या रेघेबाहेर गेली.

"झालं, आई," तो म्हणाला आणि पावती ओढून घेतली.

"मावशीच म्हणा," ती म्हणाली.